सत्तावीस पूर्णांक एक तृतीयांश

आग्वादच्या तुरुंगातून सुटून लोटलीकर मुंबईला आले
तेव्हा खेतवाडीच्या नाक्यावर, बाकड्यावर उभं करून
त्यांचे हात दाखवले आम्हाला.
सहा बोटांना नखं नव्हती.
बोलण्याआधी ते बोटांवर फुंकर घालायचे,
चटका अजून ताजा असल्यासारखी,
आणि म्हापशाहून, डिचोलीहून पळून आलेले आम्ही
तेवढ्या वाऱ्यावर गोवा सुटणार असं धरून चालायचो.

गोवा सुटला. ते इथेच राहिले.
वाचनालयाला अध्यक्ष हवा होता,
दुसरं नाव सुचवायला कुणाची जीभ उचलेना.

घटनेत होतं: सलग दोनच वेळा.
बदलायचं तर एकेचाळिसांतले दोन तृतीयांश हवेत.
भागाकार मी केला, कारकून मीच:
सत्तावीस पूर्णांक एक तृतीयांश.
हात वर झाले सत्तावीस.
ठराव नामंजूर, मी लिहिलं.

रात्री घरी बोलावून त्यांनी सोलकढी दिली,
बोटांवर फुंकर घातली, म्हणाले,
"एक तृतीयांश माणूस कधी पाहिलायस, दिगंबर?"
मी 'ना' खोडला.

पुढचं सोपं होतं.
तिसऱ्या खेपेला मयत सभासदांनीही मतं दिली.
कोटणीसबाईंनीसुद्धा,
ज्यांच्या तेराव्याला मी दोनदा खीर मागून घेतली होती.

रात्रशाळेची पोरं जिन्यात बसली:
यादी मोठ्याने वाचा.
कुणीतरी शटर ओढलं.
कुणी, ते माझ्या वहीत नाही.
उमाजीचा उजवा हात खाली होता.

हरकिसनदासमध्ये लोटलीकर एकटे गेले.
खाटेशी उभे राहिले बराच वेळ,
मग वाकले,
त्याच्या बँडेजवर फुंकर घालायला.
पोराने हात पांघरुणात घेतला.

राजीनामा चार ओळींचा.
पहाटे टॅक्सीत दोन ट्रंका, काठी,
भाचीकडे, उंबरगावला.
दूधवाल्याने तेवढा नमस्कार केला. त्याला माहीत नसावं.

पत्रं यायची. भिंतीवरचं घड्याळ चालतं का?
केसरी कोण लावतं? एकदा येऊन जाऊ का?
'कमिटीपुढे ठेवतो,' मी कळवलं.
ठेवलं नाही.
पुढे भाचीचंच कार्ड आलं, कोपरा फाडलेलं.

आता त्यांचा फोटो लावायचा म्हणतात,
तरुणपणचा, बाकड्यावरचा.
सभेला उमाजी होता, डाव्या हाताने सही केली.
त्याला विचारलं तर म्हणाला,
लावा.
पण छातीपर्यंत कापू नका. हात दिसू देत.