तीन टक्के

तपकीर गल्लीत मुथाशेठनी काउंटरवर
दोन बल्ब शेजारी शेजारी ठेवले,
स्थळं दाखवावीत तसे.
हा साडेसहाशेचा. हा चौदाशेचा, शिवाय डबा वेगळा.
"दोन्ही सांगितलेलं ऐकतात," म्हणाले,
"नुसतं म्हणायचं, दिवा लाव. तोंडानं. उठायला नको."

तू त्यांच्या ओठांकडे बघत होतीस.
मग दोन बोटं कानापाशी नेऊन हवेत झटकलीस
आणि इतकी हसलीस
की शेठना वाटलं, किमतीला हसतेय.
"पन्नास कमी करतो, वहिनी."

ऐकणारे आमच्याकडे कमी नाहीत, शेठ.
सासरची एवढी माणसं ऐकतात,
मी ऐकतो.
आम्हाला दिसायला हवं होतं.

धायरीच्या त्या दोन खोल्यांत
ट्यूब गेली की वाक्य अर्धं राहतं.
भांडणात जो आधी बटणाशी पोचेल
शेवटचा शब्द त्याचा.
तू बसतेसच बटणाजवळ.
एकदा मी आधी पोचलो तर
अंधारात माझा पंजा उलटा करून
तळहातावर बोटानं लिहिलंस:
सं प लं ना ही
काना-मात्रांसकट, अनुस्वार नखानं.

दोन्ही आणले घरी.
(परत घेत नाहीत. "बघून घ्या" एवढंच म्हणतात.)
मी वहीत रकाने आखले,
लुमेन, वॅट, वॉरंटी, राउटरशी पटतं का.
तू वही बाजूला सारलीस,
बल्बखाली उभी राहिलीस आणि सांगायला लागलीस
बँकेतल्या बिडकरबाईंची गोष्ट.

साडेसहाशेचा शंभरावर गुणी बाळ.
दहावर आणला तर थरथरायला लागला,
आणि तुझे हात तुकड्यातुकड्यांनी येऊ लागले,
मधली बोटं गाळून.
बिडकरबाईंचं लग्न ठरलं की मोडलं
ते मला आजही नक्की माहीत नाही.

चौदाशेचा तीन टक्क्यांवरही सलग.
हळदीच्या दुधाचा रंग.
तीन टक्क्यांत तुझं मनगट, अंगठा,
प्रश्न विचारताना वर जाणारी भुवई,
सगळं पोचतं पलंगाच्या या कडेपर्यंत.
दारावरची बेल दाबली की निळा होतो.
म्हणजे कुरियरवाला आता
"घर बंद" अशी चिठ्ठी खुपसून जाणार नाही,
तू आत पोहे परतत असताना.
पण त्याच्या डब्याला एक प्लग लागतो
आणि तो प्लग मिक्सरचा आहे.

गुरुवारी वीज गेली.
रात्री पावणेतीनला आली तेव्हा
साडेसहाशेचा सगळं विसरून
शंभर टक्के पेटला,
पंचनाम्याला आल्यासारखा.
तू दचकून उठलीस. कोण आलंय?
कुणी नाही.
मग झोप गेलीच होती तर
स्वप्न सांगितलंस, पूर्ण, उजेडात, केस विस्कटलेले:
पानशेतच्या पाण्याखाली एक वर्ग भरलाय,
बाई बोलतात तेव्हा बुडबुडे येतात
आणि पहिल्यांदाच सगळ्या मुलांना
सारखंच ऐकू येत नाही.

वहीत यासाठी रकाना नव्हता.

चौदाशेचा ठेवला.
चटणी आता पाट्यावर, माझ्याकडे.
विसरभोळा गॅलरीत टांगलाय,
वीज आली की खालच्या रिक्षांना उठवतो.

ॲप तुझ्याच फोनवर आहे.
त्यामुळे परवा मी घरी दात-ओठ खात हातवारे करत होतो,
तू व्हिडिओवर, लक्ष्मी रोडच्या शाखेत, जेवणाच्या सुट्टीत,
आणि तिथूनच दिवा घालवलास.
मी बराच वेळ तसाच, हात वर.

रात्री तू उजेड उतरवत नेतेस.
तीन. दोन.
एकवर काहीतरी म्हणालीस.
दिसलं नाही. वारा हलला फक्त
माझ्या तोंडापाशी.
मी हो म्हटलं.