जोडे

उत्तरेकडच्या त्या गावात समुद्र बाराही महिने राखाडी,
आणि कॉलेजच्या तळघरात एक हिशेबाची वही आहे,
वासराच्या कातड्यात बांधलेली.
तिची नक्कल उतरवायचं काम माझ्याकडे आलं,
कारण जुनं वळण वाचायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

सन सोळाशे एकोणसाठ. शाई तांबूस पडलेली.
'एल्स्पेट गीरी, मोजे विणणारी, विधवा, हिच्याकडून
सहाशे मर्क. व्याजावर एक गरीब विद्यार्थी, कायम.'
सहाशे!
मोज्यांच्या एका जोडीला काय मिळे, ते दुसऱ्या पानावर आहे.
मी गणित मांडून पाहिलं, मग खोडून टाकलं.
माशाच्या तेलाचा दिवा, चार सुया,
रस्त्यानं चालतानाही थांबत नसतील तिचे हात.
पदर नव्हता तिच्या पोषाखाला,
तरी पदरमोड म्हणतात ती हीच.

सहीच्या जागी दोन सुया, एकमेकींवर आडव्या.
अक्षर येत नव्हतं तिला.

प्राध्यापकांनी सुचवलं होतं, समासात नोंद आहे,
दर रविवारी तुझ्या नावानं लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणू.
ती म्हणाली, 'त्यापेक्षा पोराच्या पायांकडे बघा.
अनवाणी पोराचं लक्ष फरशीकडे असतं, पुस्तकाकडे नाही.'
पुण्य जोडायचं नव्हतं बाईला.
जोडे घ्यायचे होते.

पहिलं नाव निनियन क्रुकशँक.
बाप बुडालेला, आई मीठ विकणारी.
ऑक्टोबरात आला तो चालत,
पाठीवर ओटच्या पिठाचं पोतं, वर्षभराचं जेवण.
वर्गात त्याचं बाकडं दाराशी, वाऱ्यात.
पहाटे पाचला घंटा त्यानं द्यायची, दालन त्यानं झाडायचं.
दान घेणाऱ्यानं झाडूही घ्यावा,
ही अट एल्स्पेटची नव्हे. ती कॉलेजची.
मला तिचा राग येतो, साडेतीनशे वर्षं उशिरा,
हीटरशेजारी बसून.

खर्च: पेंढ्याची गादी. मेणबत्त्या बारा.
व्याकरण, वापरलेलं. जोडे, गाईच्या कातड्याचे, नवे.
फुटल्या काचेचे पैसे कापले, दोनदा.
दुसऱ्या वेळी वेगळ्या हातानं लिहिलंय: 'याने फोडली नव्हती.'
परत दिल्याचं मात्र कुठे दिसत नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या नावापुढे एकच शब्द: 'गेला'.
घरी गेला, समुद्रावर गेला, की तसा गेला?
लॅटिनमध्येही ते क्रियापद इतकंच मोघम आहे.
पुढची पन्नास पानं मी बोट फिरवत राहिलो
पाद्र्यांच्या यादीत, मास्तरांच्या यादीत,
अगदी देणेकऱ्यांच्याही.
नाही.

एल्स्पेटही तोवर उरली नव्हती.
व्याज होतं.

पुढच्या ऑक्टोबरात दुसरं पोर,
मॅग्नस इंक्स्टर, बेटावरचं, वय चौदा.
गादी. मेणबत्त्या बारा.
जोड्यांसमोर रकमेच्या रकान्यात नुसती रेघ,
आणि शेजारी, कंजूष कारकुनाच्या बारीक अक्षरात:
'आधीचेच. दालनाच्या दाराशी, झाडूजवळ ठेवलेले मिळाले.
तेल लावलेले.'