हिप्परग्याचा बांध

फळ्यावर 'खरं कशावरून?' एवढंच लिहिलं
आणि आधी कबूल केलं,
रात्री तो व्हिडिओ गटावर मीच टाकला होता.
हिप्परग्याचा बांध फुटला, पळा.
पुढं तीन लाल भोंगे.

सातवी ब हसली नाही.
निम्म्यांनी रात्र गच्चीवर काढलेली.
अंबादास येमूलच्या वडलांनी तर
माग थांबवून सुताचे कोन
एकेक करत माळ्यावर चढवले होते.

व्हिडिओ पुन्हा लावला.
"थांबवा बाई," लावण्या म्हणाली, "ती दुकानाची पाटी."
तिच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी.
तिनं अक्षरं निरखली,
आईची बिडी चेकर निरखतो तशी,
छाट काढायच्या तयारीनं.
"यातलं एकही अक्षर आपल्याकडचं नाही.
आणि मागं नारळ आहेत, बाई.
हिप्परग्याला कुठले नारळ?"

मग कुणाला गाडीचा नंबर दिसला,
कुणाला पळणाऱ्यांच्या लुंग्या.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
"तुम्ही का नाही बघितलं?"

खडू बोटांत तसाच.
घाबरले होते, म्हटलं.
वाटलं, आधी सांगू, मग बघू.
हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं,
मी सांगितलं नव्हतं तरी.

शाळा सुटताना अंबादासचे वडील फाटकाशी उभे,
केसांत अजून कापसाची पूड.
"कोन उतरवू का खाली?"
उतरवा, बांध शाबूत आहे, मी म्हटलं.

त्यांनी मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"कशावरून?"