तिसरं कडवं

नातीनं मोबाइल शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून ठेवला.
म्हणाली, आजोबा, नुसतं बोला, लिहायचंसुद्धा नाही.
नाव आठवेना, म्हणून मी चाल गुणगुणून दाखवली.
आधी आलं गुडघ्याच्या तेलाचं,
मग कुणाच्या तरी हळदीतलं नाचगाणं,
मग कसलीशी पाककृती,
आणि एकदम, न बोलावता, ती.
होडीत बसलेली, मांडीवर कंदील,
चिंचोक्याएवढी.

मी तिला चौदा हात उंच ओळखायचो.

बत्तीस वर्षं मशीनवर काढली.
कार्बनच्या कांड्या जाळल्या, निम्मी नजर त्यांतच गेली.
चादरींच्या या गावात आमची एकच पांढरी चादर,
दिवसातून चार वेळा रंगायची
आणि न धुता पांढरी व्हायची.

रात्रीचा खेळ नऊचा. सुरू व्हायला साडेनऊ,
कारण पेट्या दुसऱ्या टॉकीजवरून सायकलीवर यायच्या
आणि भैय्या चौकात सायकल हमखास पंक्चर.
तिसऱ्या पाळीचा भोंगा मात्र कुणासाठी थांबत नसे.
रुद्रप्पा मॅनेजर मनगट पुढं करायचे :
मल्लिनाथ, दहा मिनिटं खा की रे.
मी खायचो.
मारामारी खाल्ली तर खुर्च्या फुटायच्या,
विनोदी माणूस खाल्ला तर पैसे परत मागायचे.
गाण्याचं तिसरं कडवं मुकाट जायचं.
दाढीचं पातं, सोल्युशनचा थेंब, एक फुंकर.
दुसऱ्या कडव्याला थेट कोर्ट चिकटलेलं.

कुणाला कळायचं नाही. एका नरसम्माला कळलं.
विडीच्या कारखान्यात दिवसभर रेडिओ,
पानं कापता कापता तिला सगळं पाठ.
खेळ सुटल्यावर जिन्याखाली उभी, बोटं तंबाखूनं पिवळी :
"रेडिओत तीन हाय की ओ, तुमच्यात दोनच.
एक काय घरला नेता का तुम्ही?"
मी म्हणालो, पाळी असते, बाई.
ती गप्प झाली. मग म्हणाली,
"आमचा मालकबी तिसऱ्या पाळीलाच हाय."
तेवढ्यात भोंगा झाला. गर्दी पळाली, तीही पळाली.

पुढच्या आठवड्यात मी तिला पट्टी दिली, पेपरात गुंडाळून.
हातभर.
हातभर म्हणजे एक सेकंद, चोवीस चित्रं.
तिनं ती रस्त्यावरच्या दिव्याला लावून पाहिली, कानाशीही नेली.
"गप्पच हाय की ओ ही," म्हणाली,
पण परत दिली नाही.

आता बरणीला टेकून तिसरं कडवं चाललंय.
शुक्रवारी सकाळी ट्रायलला मी हे एकदा पाहायचो,
पाहायचो म्हणजे काय,
कुठं पातं लावावं ते हेरायचो.
कंदील विझतो, हे मला माहीत होतं.
विझल्यावरही ती गातच राहते, अंधारात,
वल्ह्याचं पाणी तेवढं चमकतं,
आणि नावाडी वल्हवायचं विसरतो,
हे कधी दिसलंच नव्हतं.

ती वाकते, पाण्यात हात घालते
आणि टक्क.
काठावर उभी. साडी कोरडी.

नात म्हणाली, नेट अडकलं.
नेट नाही गं.
ही उडी मी ओळखतो.
कुठल्या गावचा, कुठल्या भोंग्याचा,
कुणाच्या मनगटाला भ्यालेला माझ्यासारखाच कुणी;
जोड मात्र कच्चा लावलाय गड्यानं, घाई झाली असणार.
पाण्यातला हात अजून त्याच्याकडंच आहे.

पाठवायचंय का कुणाला, नातीनं विचारलं.
मी म्हणालो, नरसम्मा. आडनाव ठाऊक नाही.
कुंभारीच्या विडी घरकुलात राहायला गेली, एवढं ऐकलं होतं.
नंबर सांगा, ती म्हणाली,
आणि अंगठा तयार धरून बसली.