रकाना सात

रेक्याविकहून अर्ज आलाय.
रकाना सात: उपक्रमाचा उपयोग. तीन ओळींत लिहा.

स्वानलाउगला कागदपत्रांचा तिटकारा,
म्हणून ते माझ्या गळ्यात.
मी सुतार. गाण्यातलं मला
औषधालाही कळत नाही.
पण बाक मी केलेत, तेव्हा हिशेब माझ्याकडे आहे.

पहिल्या हिवाळ्यात एकच बाक.
जाळी ठेवायचं जुनं कोठार, भिंतींना हेरिंगचा वास,
पाच मुलं. त्यांतली दोन
निव्वळ हीटरसाठी आलेली.
दुपारी तीनलाच बाहेर काळोख,
आणि पियानोच्या चार पट्ट्या मुक्या.
ती जागा आली की
सूर मुलांनी गळ्यातून भरायचा, असं ठरलं.
ते अजून तसंच आहे.

लाकूड सगळं समुद्राचं.
सायबेरियात कुठे नदीत पडलेले ओंडके
बर्फाबरोबर वाहत वाहत आमच्या खाडीला लागतात,
मीठ मुरलेले, करवतीला न ऐकणारे.
वर्षभर वाळवावे लागतात, मग सरळ येतात.
काही येतही नाहीत.

दुसऱ्या वर्षी तीन बाक.
मासळी कारखान्यात लागलेल्या पोलिश बाईची बोगुमिवा.
आमच्या भाषेतला तिला 'बर्फ' एवढाच शब्द यायचा
(आमच्याकडे तेवढ्यावर बरेच दिवस निघतात).
सेबूचा रोडेल, त्याने मार्चपर्यंत
कानटोपी काढली नाही.
कानटोपीतूनच गायला.

चौथ्या वर्षी कारखान्याची रात्रपाळी बंद.
नऊ घरांना कुलूप लागलं.
मी दोन बाक मोडून कपाट करायला निघालो,
पाचर ठोकणार, तेवढ्यात स्वानलाउग म्हणाली,
थांब. रिकामे असू देत.
सबंध वर्ष मुलं त्या रिकाम्या बाकांशेजारी गायली.
मला ते बघवायचं नाही.
बाकांवरची धूळ मात्र दर गुरुवारी कुणीतरी पुसायचं.
कोण, ते विचारायचं राहून गेलं.

माझा धाकटा, ईस्लेइफुर, नुसते ओठ हलवतो.
मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नसेल.
तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक.
म्हणाली, असू दे मधल्या रांगेत,
त्याचा श्वास बरोबर पडतो, दोघंजण त्याच्यावर चालतात.

एकदा बाकाचा पाय बसवत होतो, खाली वाकून,
तेव्हा ऐकलं ती काय शिकवते ते:
हा सूर लांब आहे. एका छातीत मावायचा नाही.
शेजारचा श्वास घेईल तेव्हा तू घेऊ नकोस.
तू घेशील तेव्हा तो धरून ठेवील.
कुणी कधी सोडला, ते बाहेर कळता कामा नये.
मी घड्याळ लावलं.
एक मिनिट दहा सेकंद.
इतका दम आमच्या एकाही नावाड्यात नाही.

गेल्या फेब्रुवारीत बोगुमिवाच्या आईचं ऑपरेशन झालं.
रस्ता बर्फाने बंद, बाप बोटीवर.
अकरा दिवस दारात सूपाचं भांडं येत राहिलं.
एकही दिवस कोरा गेला नाही,
एकाही दिवशी दोन भांडी आली नाहीत.
यादी कुणी केली होती, म्हणून मी घरोघर विचारलं.
कुणीच नाही.
ज्याच्या त्याच्या पोरांनी घरी सांगितलं होतं,
आज आपण.

हे रकान्यात बसत नाही.
खोडून पुन्हा लिहितो:

बाक सात, मुलं एकतीस, त्यांतलं एक न गाणारं, तेही धरा.
आठव्यासाठी ओंडका किनाऱ्यावर दिसलाय, वाळायला वर्ष लागेल.
लाकूड समुद्र देतो; हीटरचं बिल तेवढं तुम्ही बघा.