अकरा सेकंद

भुसावळात मे महिन्यात बर्फ पडायचा,
मॅटिनीला, तीन ते सहा.
बाहेर सत्तेचाळीस, डांबर चपला धरून ठेवायचं,
आणि आत ती दोघं हातांवर फुंकर घालत
कुठल्याशा लढाईतल्या स्टेशनावर उभी.
दार किलकिलं राहिलं तर कुणीतरी ओरडे,
लावा रे, गारठा चालला.

मी रुबाबभाई तडव्यांच्या हाताखाली होतो,
वय चौदा, काम रीळ उलटं गुंडाळायचं.
बल्बसमोर धरून सिनेमा मी
शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिला:
जखम बुजायची, पत्र पाकिटात परत जायचं,
सैनिक मागे मागे चालत घरी पोचायचा.

लोकोतली माणसं पहिल्या रांगेत.
प्रेमाबद्दल त्यांचं म्हणणं नसे,
इंजिनाबद्दल असे.
एवढ्या वाफेवर सुटेल का गाडी?
आणि गार्डाचा बावटा बघा, झोपेत आहे का हा?
शिट्टी झाली की मात्र सगळे गप्प.
ती पडद्यावरची की यार्डातली
याचा निकाल कधी लागला नाही.

आणि शेवंता भारंबे.
वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं तपासायची,
अंगठ्याखालून दिवसाला किती हजार, तिलाच ठाऊक.
पाळी सुटली की सहाच्या खेळाला येऊन
तीच बाई एका गोळीसाठी रडायची,
तीही खोटी.
एकविसाव्या वेळी रुबाबभाईंनी विचारलं,
एवढं काय आहे त्यात?
म्हणाली, "ते मांगे वयत नही ना, म्हनून."

(ळचा य होतो आमच्याकडे. डोळ्यांचे डोये.
पाणी तेवढंच येतं.)

कारण आमच्या प्रतीत ती वळत नव्हती.
गाडीची पायरी, तिची पाठ,
ओव्हरकोटाचा सुटून लोंबणारा पट्टा,
आणि झटका.
एकदम रूळ. नुसते रूळ, धूर.
शेवटचं रीळ अमरावतीहून आलं
तेच दातऱ्यांनी खाल्लेलं.
अडकलं की रुबाबभाई कात्री चालवत,
ब्लेडने खरवडून सिमेंट लावत, फुंकर मारत,
दर खेपेला दोन चौकटी, कधी चार.
मी हिशेब ठेवला होता.
बाकी जगापेक्षा भुसावळचा निरोप
अकरा सेकंदांनी कमी.

गावाने तोच शिकून घेतला.
पोरी सासरी जाताना खिडकीत ताठ बसू लागल्या.
एकाहत्तरला मोतीराम झोपे
मिलिटरी स्पेशलवर चढला तो पाठ करूनच,
आणि त्याची आई आठवडाभर सांगत होती,
वयला नही माझा पोरगा.
आला तो परत. एक बोट कमी.
त्यालाच विचारलं मी, मान वळवावीशी वाटली नाही का?
म्हणाला, सिनेमा आठवला.

आता नातीच्या मोबाईलवर तो अख्खा आहे,
धुतलेला, एक ओरखडा नाही,
पाऊस पडल्यासारख्या त्या रेघाही नाहीत.
आणि ती वळते.
चक्क वळते, बराच वेळ बघते.
चेहरा साधाच आहे, थंडी वाजणाऱ्या माणसाचा.
आबा, नात म्हणाली, तुम्ही तर सांगायचे...

रविवारी वरणगावला गेलो.
शेवंताबाई ऐंशीच्या पुढे,
केळीच्या वेफरची ताटली आधी पुढे आली.
फोन हातात घेऊन म्हणाली,
"केवढेसे झाले हे लोकं!"
बर्फ पडला. पंखा फिरत होता.
शिट्टी. पायरी. पाठ. पट्टा.
मी तोंड उघडणार होतो.

तिने अंगठा टेकवला काचेवर,
चित्र जागच्या जागी थांबलं.
"राहू दे," म्हणाली,
"याच्या पुढचं आपलं नही."

बराच वेळ तो कोट आमच्यामध्ये उजेड देत राहिला.
मग काच आपोआप काळी झाली.
बाहेरून मालगाडी गेली, लांबलचक,
डबे मोजायची सवय दोघांनाही.

"वेफर घे," ती म्हणाली, "नरम पडतीन."