दोन ते आठ

फ्रिजच्या दारात तापमापक लटकवलाय.
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा
वहीत आकडा लिहिते: चार. पाच. चार.
बाहेर पारोळ्यात पंचेचाळीस,
बाजारपेठेतली कुत्री गटारीत पोट टेकून पडलेली,
अन् मी या एका पत्र्याच्या पेटीत
पौष महिना सांभाळत बसलेली.

गिऱ्हाईक आजाराचं नाव घेऊन येत नाही,
रंग घेऊन येतं.
भिलाआप्पा तर रिकामं पाकीटच पुढे करतात,
संपायच्या तारखेनंतर वीस दिवसांनी.
"डोकं दुखस तवयच लेस मी."
आप्पा, रक्तदाब दुखत नाही.
कणगीच्या तळाशी उंदीर लागतो,
वरून दादर भरलेलीच दिसते.
आप्पा मान डोलावतात. पटलं म्हणतात.
अन् अर्धंच पाकीट मागतात.
मी पूर्ण देते, उरलेलं उधारीत मांडते.

धृपदाबाईची सून पायरीवर,
मांडीवर दीड महिन्याचं पोर.
कालच्या सुईची जागा लाल, अंग तापलेलं.
शेकू नका. चोळू नका.
अंगावर पाजत राहा.
थेंब वजनावर, अंदाजावर नाही.
परवापर्यंत उतरेल. नाही उतरला
तर डॉक्टरकडे, माझ्याकडे नाही.
"ताप येस तर टोचतस कसाले?"
सासूबाईंचा प्रश्न खरा होता.
पुस्तकातलं उत्तर जिभेवर आलं, गिळलं.
मी म्हटलं, तुम्हाला दोन बहिणी होत्या ना,
मागे एकदा बोलला होतात.
घसा धरला म्हणून एका आठवड्यात...
बाई रस्त्याकडे बघत राहिल्या.
मग सुनेला म्हणाल्या,
"ऊठ. घरी फडकं गार पाण्यात बुडाव."

परवा आईचा डोळा करायला धुळ्याला गेले,
अन् स्टँडजवळची डीपी जळाली.
दुकानात गोटू. पोरगा इमानी.
फ्रिज गार आहे ना, हे बघायला
दर पाच मिनिटांनी दार उघडत राहिला.
संध्याकाळी येऊन बघते तर चौदा.

कुत्रा चावल्याच्या अकरा लसी.
काचेला काही कळत नाही:
पांढरी भुकटी तशीच, टोपण तसंच,
तारीख पुढच्या वर्षाची.
एजन्सीवाला फोनवर हसला,
"एवढ्यानं काय होतं ताई, खपवून टाका."
मी डब्यावर लिहिलं: विकायचं नाही.
गोटू कोपऱ्यात नखं खात उभा.
त्याला रागवायला तोंड उघडलं,
पण दार उघडायचं नाही हे त्याला
मी तरी कधी सांगितलं होतं?

तेवढ्यात वीटभट्टीवरचा रायसिंग पावरा
पोरीला खांद्यावर घेऊन.
पोटरीवर दातांचे खड्डे,
खड्ड्यांत चुना अन् मिरचीपूड.
मुठीत घामेजलेल्या नोटा.
त्याला काचेतून डबा दिसत होता.
"ती काय, ठेवेल शे ना."
आहे. पण ती आता नुसती काच आहे, दादा.

दुकानाबाहेरच्या नळाखाली पाय धरला.
साबण. घड्याळ लावून पंधरा मिनिटं.
मिरचीचं लाल पाणी
सराफाच्या ओट्यापर्यंत वाहत गेलं, तो ओरडला.
पोर रडली नाही,
साबणाचा फेस बोटाने फोडत राहिली.
मग तिघं एका स्कुटीवर, सरकारी दवाखाना.
तिथे फुकट असते, हे मी वाटेत चारदा सांगितलं.
तरी परतताना रायसिंगने
नोटा माझ्यापुढे धरल्या:
"पाय धोयाना तरी ल्या."

रात्री वहीत चौदा लिहिलं.
चारचा आकडा आधी पेनात आला होता,
हात सवयीचा गुलाम.
खोडलं नाही, गिरवलंही नाही.

तिसऱ्या दिवशी रायसिंग आत आला नाही.
रस्त्यापलीकडून पोरीने बाह्या वर सरकवून
दोन्ही दंड दाखवले, अन् पळाली.
आता सातवा. मग अठ्ठाविसावा.
दोन्ही वार मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर
गोल करून ठेवलेत.

आज पारा पाच.
आप्पांचं पाकीट काल संपायला हवं होतं.
दुपार कलली,
अजून आले नाहीत.